सोनकांबळेबाईंच्या हातचं पाणी

"आम्ही सगळे इतकी वर्षं एका माठातलं पाणी प्यालो," असं नाना शोकसभेत म्हणाले, आणि मी हातातला रुमाल इतका पिळला की शेजारच्या बाईला वाटलं मला रडू फुटलं. तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. रडू कसलं! नुसता संताप झाला होता. म्हणे एका माठातलं! अहो, तो माठ कुठं ठेवलेला असायचा आणि त्याला कुणी हात लावायचा नाही हे कुणी ठरवलं, हे पक्कं माहीत असलेली दोन माणसं त्या मंडपात बसली होती. एक खुद्द नाना. दुसरी मी.

नाना तेवढ्यावर थांबले असते तर मी गिळलं असतं. पण पुढं म्हणाले, सोनकांबळेबाई म्हणजे सगळ्यांना सांभाळून घेणाऱ्या, कधी कुणाला दुखावलं नाही, कसली तक्रार नाही. माणूस गेलं की त्याला असं मऊ मऊ करून टाकतात. बाईंनी कुणाला सांभाळून घेतलेलं मी तरी पाहिलं नाही. त्या भांडायच्या. आवाज न चढवता, खुर्चीच्या कडेला ताठ बसून, समोरच्याला घाम फुटेपर्यंत भांडायच्या. उठून हे सांगावं म्हणून मी अर्धी उभीसुद्धा राहिले. मग चपला घातल्या आणि घरी आले. तेव्हा तोंड उघडलं नाही, ते आता उघडते.

लातूर जिल्हा नवा नवा झाला तेव्हाची गोष्ट. कलेक्टर कचेरीला धड इमारत नव्हती. उस्मानाबादेहून ट्रकांत भरभरून फाइली येत होत्या आणि अंगणात पोत्यांसारख्या उतरत होत्या. मी शिरूर अनंतपाळकडची शेतकऱ्याची पोर, बावीस वर्षांची, नुकतीच कारकून म्हणून लागलेली. मला टंचाई शाखेत बसवलं. कोणत्या गावाला पाण्याचा टँकर द्यायचा, किती खेपा द्यायच्या, ते बघणारी ही शाखा. नाना तिथले अव्वल कारकून, म्हणजे आमचे साहेबच. आणि त्याच आठवड्यात नांदेडहून बदली होऊन सोनकांबळेबाई आल्या. माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठ्या, सावळ्या, उंच. एका हातात पत्र्याची पेटी आणि मनगटात पुरुषी घड्याळ.

एप्रिल होता. बाई बसस्टँडवरून चालत आल्या होत्या. हजर झाल्याच्या अर्जावर सही केली आणि म्हणाल्या, "थोडं पाणी मिळंल का?" कोपऱ्यात माठ होता. त्या उठायला लागल्या, तेवढ्यात नाना फाइलीतून मान वर न करता मला म्हणाले, "सुनंदाबाई, तुम्ही द्या त्यांना पाणी. वरून घाला."

वरून घाला म्हणजे काय ते मला सांगावं लागलं नाही. आमच्या गावात ते रोज बघतच वाढले होते. मी तांब्या भरला, बाईंच्या समोर उभी राहिले. त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, मग ओंजळ केली आणि मी वरून धार सोडली. पाणी कोपरापर्यंत ओघळलं, पदर भिजला. बाईंनी ओंजळीतलं पाणी पिऊन संपवलं, ओले हात डोळ्यांना लावले आणि जागेवर जाऊन बसल्या. दुसऱ्या दिवशी त्या येताना पितळेचा फिरकीचा तांब्या घेऊन आल्या. निवृत्त होईपर्यंत त्यांनी त्या कचेरीतल्या पाण्याचा थेंब तोंडात घेतला नाही. तांब्याची पुढं स्टीलची बाटली झाली, एवढाच फरक.

लोक म्हणतील, तू नवी होतीस, वरिष्ठानं सांगितलं, तू काय करणार? म्हणतील ना. मी स्वतःच इतकी वर्षं हेच म्हणत आले.

आता बाई कशा होत्या ते सांगते. केसांचा घट्ट अंबाडा, आणि त्या अंबाड्यात खोचलेलं निळं बॉलपेन. टेबलावर पेन ठेवलं की लोक उचलून नेतात म्हणून ही जागा. नवा माणूस हसायचा. मग बाई सही करायला डोक्यातून पेन उपसायच्या, आणि पुढच्या माणसाचं हसू आपोआप मिटायचं. घड्याळ वडिलांचं. वडील मुदखेड जंक्शनला रेल्वेत गँगमन. सगळं बालपण रुळांच्या कडेला गेलेलं, त्यामुळं वेळेच्या बाबतीत बाई म्हणजे कहर. साडेदहाला खुर्चीत म्हणजे साडेदहाला. कुणी उशिरा आलं की घड्याळाकडं नुसतं बघायच्या. आलेला माणूस आपणहून कारण सांगायला लागायचा आणि बाई बोटं मोडायच्या. एक कारण, एक बोट.

"निमित्तं लई थोडी असत्यात गं सुनंदा," त्या म्हणायच्या. "पाच-सहाच्या वर कुणाकडंच नसत्यात. आपण मोजत बसायचं. संपली की खरा माणूस भेटतो."

दुपारी डबे उघडायचे तेव्हा वर्तमानपत्र पसरून आम्ही चार-पाच जणी एकत्र बसायचो. बाई आमच्यातच बसायच्या, पण आपल्या कागदावर. कांदा टेबलावर ठेवून मुठीनं फोडायच्या, तो आवाज शेजारच्या शाखेत जायचा. ठेचा असा झणझणीत की वासानं शिंका याव्यात. "घे की," म्हणायच्या. मी माझ्या डब्यातलं लोणचं त्यांना वाढायची. त्यांचं घ्यायची वेळ आली की मला सोमवार असायचा, नाहीतर चतुर्थी, नाहीतर पोट बिघडलेलं असायचं. बाई एक बोट मोडायच्या आणि जेवायला लागायच्या. त्यांच्या घरी गेले की दारातूनच निरोप सांगून परतायची, गॅसवर दूध ठेवलंय म्हणून. त्यांच्या हातचं पाणी खुशाल पिणारा कचेरीत एकच माणूस, जीपचे ड्रायव्हर शेखभाई. दौऱ्यावर गाडी चालवता चालवता मागं हात करायचे, "आपा, पानी." बाई बाटली द्यायच्या. बस्स. तेवढं सोपं होतं ते.

आणि नाना काय वाईट माणूस होता? तोच तर माझा संताप आहे! माझे यजमान आजारी होते तेव्हा नाना रोज दवाखान्यात यायचे. बाईंच्या लेकीच्या प्रवेशाचे कागद घेऊन स्वतः तीन कचेऱ्या हिंडले. बाईंनीही नानांच्या लेकीच्या बाळंतपणात तीन दिवस दवाखान्याच्या बाकड्यावर काढले. पण त्या तीन दिवसांतही चहा आणला तो नानांनी बाहेरून, दोघांसाठी वेगळा वेगळा.

बाईंची खरी कामाची रीत मी बघितली ती एका दौऱ्यात. दुष्काळाचं वर्ष, गाव शिरूर अनंतपाळच्या बाजूचं, आणि सरपंच माझा सख्खा मामा. टँकर रोज येत होता, पण बौद्धवस्तीतून अर्ज आला होता की आमच्यापर्यंत पाणी पोचतच नाही. टँकर गावच्या विहिरीत ओतायचे, आणि वस्तीतल्या बायका त्या विहिरीपाशी हांडे घेऊन कुणीतरी काढून घालेल म्हणून ताटकळायच्या. बाईंनी टँकर वेशीतच थांबवला. म्हणाल्या, "आज शेवटाकडनं सुरू करायचं. आधी वस्ती, मग विहीर."

मामा हसला. "बाई, तिकडं रस्ता अरुंद हाय. टँकर वळत न्हाई."

"उलटा घालू," बाई म्हणाल्या आणि एक बोट मोडलं. शेखभाईंनी मागं उभं राहून हात करकरून टँकर उलटा घातला.

"पाइप पुरायचा न्हाई."

"शाळंच्या बागंचा पाइप हाय. जोडा."

"तिथं टाकी न्हाई. ओतायचं कशात?"

"घागरी हायेत की. रांग लावू."

मामा मग म्हणाला, आज वेळ झाला, उद्या बघू. बाई टँकरच्या फूटबोर्डवर जाऊन बसल्या, घड्याळ बघितलं आणि म्हणाल्या, "मला आज दुसरं काम न्हाई." ऊन असं की टँकरच्या पत्र्याला हात लागला तर फोड यावा. मी जीपच्या मागं लपले होते. भाचीला बघून मामाला जोर येईल, नाहीतर मामाला बघून बाईंना वाटेल मी तिकडची, अशी माझी पंचाईत. खरं सांगायचं तर मला फक्त कुणाच्या नजरेला पडायचं नव्हतं.

शेवटी मामा चिडला. "अहो बाई, गावाच्या आधी त्यांना पाणी कसं द्यायचं? गाव काय म्हनंल? जरा समजून घ्या की!"

"हां," बाई म्हणाल्या. "आता खरं बोललात. हेच लिहून द्या." अंबाड्यातून पेन काढलं आणि खेपांच्या वहीचं कोरं पान मामापुढं धरलं. "लिहा. गावाच्या आधी बौद्धवस्तीला पाणी देता येत न्हाई. खाली सही आन् शिक्का. मी टँकर घेऊन परत जाते."

मामानं पेन हातात घेतलं. वहीकडं बघितलं. भोवती जमलेल्या माणसांकडं बघितलं. तोंडानं म्हणायला ज्याला काही वाटलं नव्हतं, त्याच्याच्यानं ते लिहवेना. पेन परत दिलं आणि ड्रायव्हरला म्हणाला, "घे बाबा मागं."

त्या दिवशी वहीत पहिला अंगठा उठला तो वस्तीतल्या एका म्हातारीचा. मामा माझ्याशी वर्षभर बोलला नाही.

मग ते वर्ष आलं, लातूरला रेल्वेनं पाणी आलं ते. बाई तेव्हा निवृत्तीला टेकल्या होत्या. पहिली गाडी बघायला आम्ही स्टेशनवर गेलो. फटाके काय, हार काय! बाई टाक्यांच्या रांगेकडं बघत उभ्या. म्हणाल्या, "मुदखेडला ठेसनावर एक नळ व्हता. गाडी थांबली की साहेब बी उतरायचा, भिकारी बी उतरायचा. तू कोन, कुठला, कुनी इचारत नव्हतं. आज सगळं लातूर ठेसनाचं पानी प्यायला लागलं. इचारलं का गं कुनी, टाकी भरताना कुनाचा हात लागला म्हून?" मी म्हटलं, चला बाई, ऊन लागेल. दुसरं काय सुचणार मला!

आता त्या जेवणाकडं येते. बाई जायच्या आधीच्या उन्हाळ्यातलं. निवृत्त झाल्यावर आम्ही चौघं, म्हणजे बाई, नाना, शेखभाई आणि मी, महिन्यातून एकदा दुपारी एका हॉटेलात जमायचो. डोसा खायचा, बीपी-शुगरच्या गप्पा मारायच्या आणि घरी जायचं. डोसा हॉटेलचा, पाणी बाईंचं घरून आणलेलं, त्यांच्यापुरतं. उदगीरचा वेगळा जिल्हा होणार की नाही यावर नाना आणि शेखभाई दर वेळी नव्यानं भांडायचे. त्या दिवशी गेलो तर हॉटेलला पाटी, 'पाण्याअभावी दुपारी बंद'. टंचाईच होती तशी, नळाला दहा-दहा दिवस पाणी नव्हतं.

शेजारी क्लासच्या पोरापोरींसाठी नवीन दुकान निघालं होतं. 'कोरियन नूडल्स' अशी लाल पाटी, आत सहा टेबलं, भिंतीवर गोऱ्या गोऱ्या पोरांची चित्रं. हल्ली आमच्या नातीसुद्धा त्या कोरियन मालिकांपायी वेड्या झाल्यात. बाई म्हणाल्या, "चला, हितंच बसू. काय असतंय ते बघू तरी."

दुकान चालवणारी पूजा, अठ्ठावीस-तीसची, माहूरची. आईवडलांचं गडाच्या पायथ्याला नारळ-प्रसादाचं दुकान. ही पुण्याला एका कोरियन खानावळीत चार वर्षं स्वयंपाक शिकली आणि इथं येऊन स्वतःचं थाटलं. आम्हा म्हाताऱ्यांना बघून तिला हसू आलं, पण खुर्च्या पुसून दिल्या. नानांनी एवढंच विचारलं, "शाकाहारी आहे ना?" ती म्हणाली, हो, वेगळं पातेलं. नाना निवांत बसले. त्या पोरीची जात त्यांनी विचारली नाही. आत भाजी कोण चिरतो, भांडी कोण घासतो, काही विचारलं नाही. हॉटेलात कधीच कुणी विचारत नाही. ज्याला जन्मभर ओळखतो त्याच्याच हातचं चालत नाही, हा कुठला न्याय आहे?

टेबलाच्या मध्यभागी छोटी शेगडी, तिच्यावर पसरट पातेलं, त्यात लालभडक रस्सा. कोबी, मशरूम, आणि वरून नूडल्स. शेखभाई वाकून बघून म्हणाले, "आपा, ह्या तर शेवयाच हायेत! ईदला दुधात टाकतो, ह्यांनी तिखटात टाकल्या." पूजानं खायला लोखंडी काड्या दिल्या, कोबीचं तिखट लोणचं ठेवलं, स्टीलचे छोटे ग्लास मांडले. दर टेबलाला पाण्याची एकच बाटली, टंचाई म्हणून. मी ती उचलून माझ्या ग्लासात ओतायला गेले तर ती म्हणाली, "मावशी, थांबा! त्यांच्यात आपल्या ग्लासात आपण ओतत न्हाईत. दुसऱ्यानं ओतायचं. आन् लहान असंल त्यानं मोठ्याला, दोन्ही हातांनी बाटली धरून."

मला ते इतकं आवडलं! चौघांत लहान मीच. मी उभी राहिले, दोन्ही हातांनी बाटली धरली आणि मुद्दाम पहिल्यांदा बाईंकडं वळले. मनात म्हटलं, सुनंदा, चांगली संधी आहे. बाटली वाकवली.

बाईंनी ग्लासावर तळहात ठेवला.

"मला कुनी वरून पानी घालायचं न्हाई," त्या म्हणाल्या. अगदी हळू.

वाकवलेली बाटली मी सरळ केली. चाळीस वर्षं झाली होती त्या ओंजळीला! बावळट मी, मानानं ओततेय असं समजत होते, आणि पुन्हा तिथंच उभी होते, तशीच, हातात पाणी घेऊन. पूजाला काही कळेना. ती म्हणाली, "मावशी, माझं काही चुकलं का?"

"तुझं काय चुकलं न्हाई बाळ," बाई म्हणाल्या. "रीत चांगली हाय. मोठ्यानं लहानाला घातलं तर चालतंय का?"

"चालतंय की."

"मग मी घालते. आन् तुझी बाटली राहू दे, तुलाच पानी पुरंना." त्यांनी पिशवीतून आपली स्टीलची बाटली काढली. उभ्या राहिल्या. दोन्ही हातांनी धरून शेखभाईंचा ग्लास भरला, माझा भरला, नानांचा भरला, शेवटी स्वतःचा. शेखभाई बिस्मिल्ला म्हणाले आणि तीन घोटांत ग्लास रिकामा करून खाली ठेवला. मी एकदा नानांकडं बघितलं, आणि मीही उचलला. पाणी कोमट होतं, वाळ्याचा वास होता त्याला. चाळीस वर्षांत मी पहिल्यांदा बाईंच्या घरचं पाणी प्याले.

नानांचा ग्लास तसाच.

"घ्या की नाना," बाई म्हणाल्या.

"मला थंड चालत नाही हो बाई. घसा धरतो."

"उकळून आनलंय. कोमट हाय, हात लावून बघा." टेबलाखाली बोट मोडल्याचा आवाज मला आला.

"जेवताना मी पाणी पीतच नाही. वैद्यानं सांगितलंय."

"बरं, जेवा." दुसरं बोट.

जेवलो. काय जेवलो म्हणा! शेखभाई काड्यांनी नूडल्स पकडायला जायचे, त्या सुटून पातेल्यात पडायच्या, ते पूजाला म्हणायचे, "बेटी, तेवढा चमचा दे, ह्या काड्यांनी मी उपाशी मरंन." बाईंना मात्र जमलं. बाई भुरके मारून खात होत्या, लोणचं तीनदा मागून घेतलं, म्हणाल्या, "आपल्या ठेच्याचीच बहीन हाय ही." नाना जपून जपून खात होते. आणि एकाएकी त्यांना ठसका लागला. तिखट रस्सा चुकीच्या नळीत गेला असणार. डोळे लाल, नाकाडोळ्यातून पाणी, माणूस खोकून खोकून वाकडा झाला. शेखभाई पाठ चोळायला लागले. भरलेला ग्लास नानांच्या समोर, हाताच्या वितीवर होता. नानांचा हात पुढं आला, त्या ग्लासाला वळसा घालून गेला आणि पलीकडची दुकानाची बाटली त्यांनी उचलली. झाकण काढलं आणि वरूनच, तोंड न लावता, गटागटा प्याले. गार पाणी. जेवता जेवता.

माझं डोकं फिरलं! जीव घाबरा झालेला असताना, श्वास कोंडलेला असताना, ह्या माणसाच्या हाताला बरोबर कळतं कुठला ग्लास टाळायचा! मी तोंड उघडलं, पण बाईंनी माझ्या मांडीवर हात ठेवला. "तू गप."

नाना सावरले. रुमालानं तोंड पुसलं. बाईंनी काड्या खाली ठेवल्या.

"घसा बरा झाला वाटतं," त्या म्हणाल्या. "आन् वैद्य बी चुकला. आता घ्या."

"आता पोट भरलं हो."

"एक घोट."

"बाई, कशाला उगीच... इतकी वर्षं आपण कधी असं काही..." नानांनी शेखभाईंकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. त्यांच्याजवळची निमित्तं संपली होती, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

बाईंनी पांढऱ्या झालेल्या, सुपारीएवढ्या उरलेल्या अंबाड्यातून पेन काढलं. वाडग्याखाली अंथरलेला कागद ओढून उलटा केला, नानांपुढं सरकवला, त्यावर पेन ठेवलं.

"मग लिहून द्या नाना. सोनकांबळेबाईच्या हातचं पानी मी पीत न्हाई. खाली सही करा. मी पुन्यांदा कधी म्हननार न्हाई."

पलीकडच्या टेबलावर क्लासच्या पोरी मालिकेबद्दल काहीतरी खिदळत होत्या. नानांनी कागदाकडं बघितलं. हजारो कागदांवर सह्या केलेला माणूस. पेनाला बोट लावलं, मागं घेतलं. कपाळावर घाम होता, तिखटाचा की कसला कुणास ठाऊक. मग त्यांनी ग्लास उचलला, डोळे मिटले आणि औषध पितात तसा एका दमात रिकामा केला.

"झालं समाधान?" ग्लास ठेवत ते म्हणाले.

"न्हाई," बाई म्हणाल्या आणि पेन परत अंबाड्यात खोचलं.

नाना स्कूटर काढून निघून गेले. शेखभाई नमाजाला गेले. मी बाईंना रिक्षात बसवायला रस्त्यावर आले आणि त्यांचा हातच धरला. "बाई, अहो आज नानांना पाणी पाजलंत तुम्ही! माझा तर विश्वास बसत नाहीये!" मला उड्या माराव्याशा वाटत होत्या, ह्या वयात.

बाईंनी हात सोडवून घेतला. "काय नाचायलीस गं? पेन काढावं लागलं मला. तुझ्या मामापुढं काढलं ते ठीक, त्यो परका मानूस. ह्याच्या टेबलाला टेबल लावून मी जन्म काढला. ह्याच्या लेकीचं बाळ आधी माझ्या हातात दिलं नर्सनं. आन् एक ग्लास पान्यासाठी मला पेन काढावं लागलं." मी त्यांना रडताना कधी बघितलं नव्हतं आणि तेव्हाही त्या रडल्या नाहीत.

रिक्षा आली. बाई बसल्या, पिशवी मांडीवर, बाटली पिशवीत उभी. रिक्षावाल्याला पत्ता सांगितला आणि मग बाहेर वाकून म्हणाल्या, "सुनंदा, शेखभाईनं ग्लास उचलला. तू बी उचललास. पन तू आधी नानाकडं बघितलंस. बघितलंस का न्हाई?"

"नाही हो बाई," मी म्हटलं. "मी कुठं... मी आपलं सहज, ते काय करतात म्हणून..."

बाईंनी माझ्याकडं बघत एक बोट मोडलं. मग हसल्या, आणि रिक्षावाल्याला म्हणाल्या, "चल बाबा." रिक्षा हलली. मागच्या फाटक्या प्लास्टिकच्या खिडकीतून तो पांढरा अंबाडा आणि त्यातलं निळं पेन चौकापर्यंत दिसत राहिलं. त्यानंतर आमचं महिन्याचं जमणं मोडलं; बाई मला दिसल्या त्या थेट शोकसभेतल्या फोटोत, आणि फोटोत त्यांचं पेन कुणीतरी काढून ठेवलं होतं.

हो बाई. बघितलं होतं. आधी नानांकडं बघितलं आणि मग तुमच्या पाण्याला हात लावला. लिहून देते.